अक्षरांचा कोपरा : वीज आणि बीज

या महिन्याच्या पत्रांतली चार पत्रं एकाच घरातून निघाल्यासारखी होती, म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय. (लग्नपत्रिकेवरच्या गणपतीबद्दल चिडून लिहिणाऱ्या गृहस्थांनी धीर धरावा. उत्तर तयार आहे, पण ते भांडणाचं आहे.)

प्रश्न : ताई, मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक टाइपफेस (एकाच वळणाची छापील अक्षरं, म्हणजेच टाइप) निवडून त्याची ओळख करून देणारं छापील जोडपान आणि तीस सेकंदांचा व्हिडिओ करायचा आहे. मी ‘मोदक’ हा टाइप घेतला. डाव्या पानावर अ ते ज्ञ सगळी वर्णमाला, उजव्या पानावर फाँटची माहिती, खाली केळीच्या पानावर उकडीच्या मोदकांचा फोटो आणि मागे केशरी रंग, असं पान केलं. व्हिडिओत तीच अक्षरं एकेक करून उड्या मारत येतात आणि शेवटी मोदक होतो. सर म्हणाले, “मिठाईच्या दुकानाची जाहिरात छान झालीय. टाइप कुठाय?” वर्गात सगळे हसले. नेमकं काय चुकलं? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी तो फोटो काढ, मग बोलू.

काढलास? आता पान उघडं पडल्यासारखं वाटत असेल. याचा अर्थ इतके दिवस ते पान फोटोच्या जिवावर उभं होतं. नावावरून सुचलेली कल्पना सगळ्यांना सुचते. तुझ्या वर्गात आणखी कुणी हाच टाइप घेतला असता, तर त्याच्याही पानावर केळीचं पान आलंच असतं. बारशाला ठेवलेलं नाव आणि मुलाचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू नावाचं चित्र काढलंस, स्वभाव बघायचा राहिला.

तो बघू. ‘मोदक’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा, म्हणजे टाइप तयार करणाऱ्या संस्थेचा, टाइप, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. गूगल फाँट्सवर फुकट मिळतो आणि एकाच वजनात आहे. म्हणजे बारीकपासून जाडपर्यंतची उतरंड दाखवायचा नेहमीचा आसरा तुला नाही. चांगलंच आहे. आता ‘व’ हे एकच अक्षर पडद्यावर पूर्ण मोठं करून बघ. दुसऱ्या कुठल्याही टाइपात ‘व’च्या पोटात पांढरी जागा असते. इथे अंग इतकं फुगलंय की त्या पोटाची फक्त एक चीर उरलीय. आपण ‘व’ ओळखतो तो त्या चिरेवरून. काळा भाग नुसता गुबगुबीत आहे, वाचायचं काम ती पांढरी रेघ करते.

आता शेजारी ‘ब’ ठेव. बालवाडीतल्या बाई सांगायच्या ते आठव : ‘व’च्या पोटात तिरकी रेघ मारली की ‘ब’ झाला. पण पोटच उरलं नसेल तर रेघ मारायची कुठे? ‘प’ आणि ‘ष’चंही तेच. जाड देवनागरी काढणारा प्रत्येक माणूस इथे येऊन अडतो. रोमनमध्ये नुसतं भोक बुजतं, आपल्याकडे भोकाच्या आतही मजकूर असतो. हा टाइप बघण्यासारखा का आहे, याचं उत्तर या दोन अक्षरांत आहे आणि तुझं जोडपानही तिथेच आहे.

डाव्या पानावर ‘व’, उजव्या पानावर ‘ब’. पानाच्या बाहेर जातील इतके मोठे, चारही बाजूंनी कापलेले, एकाच शाईत. दुसरं काही नाही. वाचक दोन पानांकडे आळीपाळीने बघेल आणि फरक शोधेल. शोधू दे त्याला. छापील पानाची हीच मजा आहे, ते पळून जात नाही.

खाली तळाशी एक पट्टी ठेव. त्यात एकच शब्द उतरत्या मापात लाव : 72, 48, 36, 24, 18, 12 पॉइंट. शब्द म्हणून ‘गलेलठ्ठ’ घे. त्यात ‘ल’ दोनदा आहे, शिवाय ‘ठ्ठ’ आहे, आणि एवढ्या जाड टाइपात ‘ठ’च्या अंगाला ‘ठ’ कसा बसवलाय हे बघणं हीच एक करमणूक आहे. पट्टीच्या शेवटी बारा पॉइंटात त्या चिरा बुजलेल्या दिसतील. दिसू देत. टाइप कुठे चालतो आणि कुठे दमतो हे दाखवणारं पान मला नुसत्या कौतुकाच्या पानापेक्षा जास्त खरं वाटतं. ज्याला तो टाइप वापरायचाय त्याला तेच हवं असतं.

वर्णमाला? हवी असेल तर मागच्या बाजूला, शांतपणे. लंडनच्या विल्यम कॅस्लनने 1734 मध्ये आपल्या टाइपांचा नमुना-कागद काढला. त्यात त्याने सिसेरोच्या लॅटिन भाषणाचा तोच तो मजकूर वेगवेगळ्या मापांत लावला होता. बघणारा छपाईवाला. त्याला ए-बी-सी पाठ होतीच, टाइप ओळीत कसा उभा राहतो ते त्याला बघायचं होतं. तुझ्या वाचकालाही अ ते ज्ञ येतं गं.

आमच्या घरी सांगलीला वडिलांचा छोटा छापखाना होता. जत्रेच्या आणि निवडणुकीच्या पत्रकांसाठी लाकडी टाइपाचे दोन खण होते. त्यातले ‘ब’ कायम कमी पडायचे. मग बाबा एखाद्या जादा ‘व’च्या पोटात कागदाचा कपटा अडकवून रेघ उठवायचे. ती कधी सरळ यायची नाही. एका उमेदवाराच्या नावाचा ‘ब’ दोनशे पत्रकांनंतर हळूहळू ‘व’ झाला होता, आणि तो माणूस पडल्यावर बाबा चार दिवस दुकानाच्या दारात उभे राहिले नाहीत.

तर, व्हिडिओ. तो पानाची नक्कल असता कामा नये. पानावर ‘व’ आणि ‘ब’ शेजारी बसतात. व्हिडिओत तू ‘व’चा ‘ब’ होताना दाखवू शकतेस आणि पान ते करू शकत नाही. सुरुवात चिरेच्या आतून कर. पूर्ण पडदा रंगाचा, मधून पांढरी वाट. सात-आठ सेकंद आपण त्या वाटेने चाललोय. बघणाऱ्याला कळत नाही हा रस्ता आहे, ओढा आहे की भिंतीतली भेग. मग हळूहळू मागे ये आणि कळू दे की आपण ‘वीज’च्या पोटात होतो. एक तिरकी चीर पडते : ‘बीज’. पुन्हा : ‘वेल’, चीर, ‘बेल’. ‘वारा’, चीर, ‘बारा’. तीन जोड्या पुरेत. चौथी मोहाने घालशील, घालू नकोस. शेवटचे तीन सेकंद टाइपचं नाव, करणाऱ्यांची नावं आणि फाउंड्री. परवाना खुला असला तरी नावं लिहायचीच.

आवाजासाठी तबला-संबळ नको. कात्रीने जाड कागद कापल्याचा आवाज फोनवर टेप कर आणि प्रत्येक चिरेला तो लाव. बाकी शांतता.

छपाईचं एक सांगते आणि सोडते. रंग एकाच शाईचा ठेव : नुसता काळा किंवा प्रेसवाले ज्याला स्पेशल कलर म्हणतात तो. चार रंग मिसळून काळा केलास तर चार प्लेटा केसभर सरकल्या तरी त्या पांढऱ्या चिरेच्या कडेला गुलाबी-निळी झालर येईल आणि सगळा डाव फसेल. मॅपलिथो कागद शाई पितो आणि पसरवतो, बारीक चिरा त्यात लवकर बुजतात. आर्ट पेपरवर त्या टिकतात, पण एवढी भरगच्च शाई वाळायला वेळ लागतो आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला लागते. प्रेसवाल्याला आधी सांग म्हणजे तो घाई करणार नाही. आणि संपूर्ण पानाचं प्रूफ परवडत नसेल तर नुसती तळाची पट्टी खऱ्या मापात, खऱ्या कागदावर काढून घे.

प्रश्न : मॅडम, मी मोशन ग्राफिक्स शिकतो. मराठी टाइपच्या व्हिडिओत अक्षरं एकेक करून आणली की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, रफार मध्येच उगवतो. इंग्रजीला तोच इफेक्ट व्यवस्थित चालतो. फाँट खराब आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : फाँट बिचारा निर्दोष आहे, बहुतेक वेळा.

दोन वेगळे घोळ एकत्र झालेत. पहिला प्रोग्रॅमचा. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात टेक्स्ट इंजिन निवडायची सोय होती. तुझ्याकडे ती दिसली तर तिथे ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवड, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू कर आणि मजकूर नव्याने टाइप कर. प्रीमिअरच्या जुन्या आवृत्त्यांतही तशीच सोय ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये होती. छापील पानासाठी इनडिझाइन वापरत असशील तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लाव. निम्मी मोडतोड इथेच थांबेल.

दुसरा घोळ आपल्या लिपीचा आहे, आणि तो घोळ नाहीच, स्वभाव आहे. ‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवतो आणि मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. म्हणून टाइपरायटरचा इफेक्ट लावलास की ‘क’ येतो, आणि मग वेलांटी येऊन त्याला ढकलून पुढे बसते, एसटीत उशिरा येऊन खिडकी मागणाऱ्या माणसासारखी. ‘अर्क’मध्ये ‘र’ आधी खाली उभा राहतो, मग पायमोडका होतो आणि ‘क’ आला की उडून त्याच्या डोक्यावर बसतो. तुला दिसलेला मध्येच उगवणारा रफार तो हाच.

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक तुकडा. आपल्याकडे ‘स्त्री’ हा एक तुकडा आहे. त्याचे स, त, र आणि वेलांटी असे चार भाग करून नाचवले तर ते मराठी राहत नाही. तेव्हा इफेक्ट अक्षरावर न लावता शब्दावर लाव, ते सुरक्षित. अक्षरंच हलवायची असतील तर आधी मजकूर दोघांकडून तपासून घे, मग टेक्स्टचे शेप्स (चित्रासारखे सुटे आकार) कर, आणि काना-मात्रा-वेलांटी ज्याच्या त्याच्या अक्षराबरोबर हाताने एका गटात बांध. कंटाळवाणं आहे. आमच्या वेळी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे दिवसभर तेच करायचे, फरक इतकाच की त्यांच्या बोटांना शिसं लागायचं.

शिरोरेषेचं काय करायचं ते आधी ठरव. अक्षरं वेगळी होऊन जवळ येणार असतील तर शिरोरेषेचेही तुकडे होणार आणि पुन्हा जुळताना बारीक फट दिसणार. मी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ मास्कने झाकते, शिरोरेषा एक स्वतंत्र पट्टी म्हणून काढते आणि ती सगळ्यात शेवटी डावीकडून उजवीकडे ओढते. आपण हाताने लिहितो तेव्हाही बरेच जण रेघ शेवटीच ओढतात, त्यामुळे डोळ्याला ते पटतं.

आणि शब्द पडद्यावर थांबू दे. माझं माप असं : तो शब्द मोठ्याने दोनदा म्हणून होईल इतका वेळ. विद्यार्थ्यांनी शब्द इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्यांना अर्ध्या सेकंदात वाचता येतो. बघणारा पहिल्यांदाच बघतोय. तयार झालेला व्हिडिओ फोनवर, हात लांब करून, प्रकाश कमी करून बघ. मोठ्या पडद्यावर देखणी दिसणारी बारीक रेघ फोनवर, विशेषतः हलताना, लुकलुकते किंवा नाहीशीच होते. कोल्हापूरच्या मुलीनेही हे वाचावं.

प्रश्न : आमच्या अंकात एका टाइपची ओळख करून देणारं जोडपान केलं. मोठा शब्द दोन्ही पानांवरून आडवा घेतला होता. छापून आल्यावर मध्ये शिरोरेषेची पायरी झाली! दोष प्रेसचा की आमचा? — संपादक मंडळ, एका महाविद्यालयीन नियतकालिकाचं, नाशिक

उत्तर : तुमचा. रागावू नका, हे मी स्वतः करून बसलेय.

मी लावलेल्या पहिल्या दिवाळी अंकात ‘दीपावली’ हा शब्द दोन पानांवर पसरला होता. प्रूफ सपाट कागदावर पाहिलं, सुरेख. अंक हातात आला तेव्हा ‘दीपा’ वर आणि ‘वली’ दोन मिलिमीटर खाली. शिवाय ‘पा’चा काना घडीत गेलेला. संपादक काही बोलले नाहीत, नुसती पट्टी आणून पानावर ठेवली.

पिनांच्या अंकात फक्त मधोमधचं जोडपान हा एक सलग कागद असतो. इतर प्रत्येक ठिकाणी समोरासमोरची पानं वेगवेगळ्या कागदांवर, कधी वेगवेगळ्या फर्म्यांत (घडी घालून पानं होणाऱ्या मोठ्या कागदांत) छापलेली असतात आणि घडी घालताना त्यांची गाठ पडते. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक कुठल्याही प्रेसला चुकत नाही. रोमन शब्द असता तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता, कारण तिथे अक्षरं सुटी असतात. आपल्याकडे वरून सरळ रेघ जाते, आणि सरळ रेघ तुटलेली तिऱ्हाइतालाही दिसते.

त्यामुळे शब्द आडवा न्यायचाच असेल तर मधलं जोडपान मागून घ्या. तेही मिळत नसेल तर दोन शब्दांमधली मोकळी जागा घडीवर आणा. चिकट बांधणीचा अंक पूर्ण उघडत नाही, तिथे दोन्हीकडे आणखी जागा सोडा. किंवा कोल्हापूरला सुचवलं तसं दोन पानांना दोन स्वतंत्र अक्षरं द्या. तो सल्ला कलेचा वाटला असेल, पण अर्धा या पट्टीच्या भीतीतून आलेला आहे.

प्रश्न : बाई, मी बेचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होतो. हल्ली टाइपचे जे देखावे बघतो त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. खाली मजकूर मराठी. कुणाला काही वाटत नाही काय? दुसरं, माझ्याजवळ एका जुन्या टाइप फाउंड्रीचा कॅटलॉग आहे. मुलगा म्हणतो रद्दीत द्या. त्याचा काही उपयोग आहे काय? — एक जुळारी, सातारा

उत्तर : काका, नमस्कार. वाटतं, मला तरी रोज वाटतं.

आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणं, आणि राज्य सरकारच्या 2009 च्या शासन निर्णयातही तीच धरली आहेत. बऱ्याच फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रॅमला सांगितलं तरच मराठी वळण येतं. नाही सांगितलं की गपचूप हिंदी. मुलं ते सांगत नाहीत, कारण सांगायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘टिरो देवनागरी’ करणाऱ्यांनी तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँटच काढले, म्हणजे विसरायची सोयच नाही. मी टाइपची ओळख करून देणारं कुठलंही पान तपासताना आधी ‘ल’, ‘श’, ‘ळ’ आणि ‘वऱ्हाड’मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ बघते. हा अर्धा ‘र’ जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना हमखास हरवतो, मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो.

आता कॅटलॉग. जावजी दादाजींनी मुंबईत 1869 मध्ये निर्णयसागर हा छापखाना सुरू केला. त्या काळापासून तुमच्या पिढीपर्यंत शिशात ओतलेल्या देवनागरीचा फार मोठा भाग वितळवून टाकला गेला. टाइप गेला की तो कसा होता हे सांगणारी वस्तू उरते ती हीच : फाउंड्रीने गिऱ्हाइकांना दाखवायला छापलेली पानं. त्या पानांवर प्रत्येक मापातला टाइप ओळीत लावलेला असेल, शेजारी माप असेल, कदाचित भावही असेल. वरच्या तिघांना मी इतकं लांबण लावून जे सांगतेय, ते तुमच्या घरातल्या त्या वहीत आधीच करून ठेवलेलं आहे.

रद्दीत देऊ नका. कोरड्या जागी, आडवा ठेवा. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. मुलाला म्हणावं, पुढच्या महिन्यात एक बाई कॅमेरा घेऊन येणार आहेत. कोल्हापूरच्या मुलीला कॉलेजातून सुट्टी मिळाली तर तिलाही आणते. तिला त्यातला ‘ब’ दाखवायचाय.